सालीच्या पोरीचा दुसरा भाग

मावशी माप कागदावर लिहीत नसत. डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत त्यांना कोड होतं. त्या पांढऱ्या कातडीवर निळ्या बॉलपेननं त्या आकडे लिहायच्या: छाती, कंबर, उंची, बाही, एकाखाली एक. गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलेलं असलं तर दचकायचं. मावशी मान वर न करता म्हणायच्या, "पाटी देवानं दिली, पेन तेवढं माझं." संध्याकाळी सगळे आकडे वहीत उतरवून झाले की साबणानं हात धुवायच्या. मी पाटबंधारे खात्यात सव्वीस वर्षं कालव्याचं पाणी मोजलं, नोंदी ठेवल्या, दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या. मावशींच्या हातावरून वहीत जाताना चुकलेला आकडा मी एकदाही पाहिला नाही. स्वतःच्या नोंदींबद्दल मला असं म्हणता येणार नाही.

जुन्नरच्या पेठेत आमच्या घराची रस्त्याकडची खोली त्यांच्याकडे एकोणीस वर्षं होती. मूळच्या त्या डिंभ्याकडच्या. लहानपणी शाळेसाठी जुन्नरला आत्याकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. लग्न केलं नाही. साधे ब्लाऊज त्या शिवत, पण त्यांचं खरं काम शाळांच्या स्नेहसंमेलनाच्या कपड्यांचं. परी, राक्षस, मोर, वाघ, मावळे, ढग. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत घाटघरपासून डिंभ्यापर्यंतच्या शाळांचे शिक्षक पिशव्या घेऊन आमच्या ओट्यावर बसलेले असत. जरी आणि टिकल्या सगळीकडे उडायच्या. आमच्या आमटीत टिकली सापडणं ही हिवाळ्याची खूण होती. सगळी पेठ त्यांना जरीमावशी म्हणे, आम्ही नुसतं मावशी.

त्यांचा एक नियम होता. कुठल्याही पोराच्या कपड्याला खिसा हवाच. एकदा एक तरुण गुरुजी हुज्जत घालू लागले की परीला खिसा कुठं असतो, चित्रात तर नाही. मावशी म्हणाल्या, "गुरुजी, चित्रातल्या परीला भूक लागत न्हाई. आपली परी दुपारी बारापास्नं रांगेत बसणार. शेंगदाणे कुठं ठेवील?" गुरुजींनी मुकाट्यानं मापं दिली. दुसरा नियम दाबाचा. शिवणीच्या आत त्या दोन बोटं जादा कापड सोडत. पोरं वाढतात, कपडा उसवून मोठा करता आला पाहिजे. माणसांबद्दलही त्या असंच बोलायच्या. कुणाची कुरकूर कानावर आली की म्हणायच्या, "त्याला दाब सोडून बघा की जरा."

कोडाविषयी लोक चमत्कारिक बोलतात. आळेफाट्याकडचे एक गृहस्थ नातीचा ड्रेस न्यायला आले होते. त्यांनी पिशवी दोन बोटांनी धरली आणि विचारलं, हे लागत तर नाही ना. मावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "लागतं तर. उद्यापास्नं तुमी काजं करायला बसाल." गृहस्थ गेल्यावर पायमशीन पुन्हा सुरू झालं आणि त्याबरोबर गाणंही. मावशींचा गळा फार चांगला होता. पण गाणं शिवणीच्या लांबीएवढंच असायचं. बाही संपली की अंतरा अर्ध्यावर तुटायचा आणि पुढची बाही लागली की तिथूनच सुरू व्हायचा. वरच्या मजल्यावर हिशेबाला बसलेला मी त्या तुटलेल्या ओळीपाशी पेन धरून थांबायचो.

आता विमलकाकींविषयी सांगायला हवं. काकींचं लेस, जरी, अस्तराचं दुकान पेठेच्या दुसऱ्या टोकाला, आमच्या घरापासून दोनशे दहा पावलांवर. सासर-माहेर दोन्हीकडून मारवाडातून आलेली जैन घराणी, पण काकींचा जन्म जुन्नरचा आणि बोलणंही इथलंच. मावशी आणि त्या चौथीपासून एका बाकावर. शाळेच्या संमेलनात गाणं मावशींचं, पण त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हाच कोडाचे डाग उमटू लागलेले. बाईंनी मावशींना पडद्यामागं गायला लावलं आणि पुढं परी म्हणून विमलला उभं केलं. विमलनं नुसतं तोंड हलवायचं. तिला मधेच शिंक आली, शिंक पुढं आणि तान मागं, आणि सगळी शाळा हसली. ही हकीकत मी दोघींकडून ऐकली आहे. वेगवेगळी, कारण मी ती ऐकली तेव्हा दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

कारण काकींच्या मुलीचं लग्न. घागरा मावशींनी शिवला होता, दीड महिना खपून. लग्नाच्या दिवशी कार्यालयात नवरीची ओढणी टाचायला मावशी तिच्या मागं गुडघ्यावर बसल्या होत्या. वराकडच्या एक वयस्कर बाई आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, ह्या हातांनी नवरीला शिवू नका, बाजूला व्हा. मावशी उठल्या, सुई पदराला टोचली आणि घरी चालत आल्या. काकी तिथंच होत्या, विहिणीशेजारी, तीन हातांवर. मावशींनी मला एवढंच सांगितलं, "त्या बाईचा मला राग न्हाई भाऊ. ती मला वळखत नव्हती. विमल वळखत व्हती आन् ती बसून राह्यली."

त्यानंतर अकरा वर्षं बोलणं बंद. व्यवहार मात्र चालू, कारण तशी जरी दुसरीकडे मिळत नव्हती. मावशी कागदाला लेसचा तुकडा टाचून खाली मीटर लिहायच्या आणि तो कागद ऑफिसला जाता जाता मी दुकानात द्यायचो. काकी कापून बांधून ठेवायच्या, येताना मी आणायचो. एक-दोनदा सवयीनं मी घरी येऊन मोजलं. सहा मीटर सांगितलं की सहा मीटर आणि वर एक वीत. बारा सांगितलं तरी बारा आणि एक वीत. मी मावशींना म्हणालो, काकींची पट्टी चुकीची दिसते. मावशी मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. "पट्टी बरोबर हाय," म्हणाल्या आणि ती वीतभर लेस कापून डब्यात टाकली. असे तुकडे त्यांनी कशालाच वापरले नाहीत, फेकलेही नाहीत.

गणपतीच्या दिवसांतच जैनांची संवत्सरी येते. त्या दिवशी ही माणसं वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलेल्यांची हात जोडून क्षमा मागतात, "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतात. काकी निरंकार उपास करून पेठेतल्या प्रत्येक दारात जायच्या. आमच्या ओट्यावरही यायच्या. पण मावशी त्या दिवशी सकाळीच कुलूप लावून लेण्याद्रीला जायच्या आणि पायऱ्या चढून वर संध्याकाळपर्यंत बसायच्या. काकी कुलपासमोर उभ्या राहून हात जोडायच्या आणि पुढच्या घरी जायच्या. हे मी वरच्या खिडकीतून अनेक वर्षं पाहिलं. मधे पडलो नाही. कालव्याचं पाणी मोजणाऱ्यानं दार उघडायचं नसतं, ते काम दुसऱ्याचं.

दोन वर्षांमागं माझी मुलगी मयूरी मावशींना नारायणगावला सिनेमाला घेऊन गेली. परदेशी सिनेमा होता, हिंदीत केलेला, गाण्यांनी भरलेला. एका तळ्याखालचं राज्य. तिथं एका मुलीच्या अंगावर जन्मापासून झाडाची साल असते. तिची मैत्रीण काचेच्या पंखांची. दोघी मिळून गातात तेव्हा तळ्याचं पाणी उजळतं. शेवटी वरच्या जगात जाणारी नाव येते. नावाडी म्हणतो, सालीच्या वजनानं नाव बुडेल. मैत्रीण नावेत बसलेली असते, ती काही बोलत नाही आणि नाव सुटते. गाणं अर्ध्यावर, आणि पडद्यावर अक्षरं येतात, पुढचा भाग लवकरच.

मावशी घरी आल्या त्या थेट माझ्याकडे. पुढचा भाग नक्की कधी, तारीख सांगा, म्हणाल्या. मी शोधून सांगितली, तेरा महिने होते. एवढा वेळ कशाला लागतो म्हणून त्या चिडल्या. तेरा महिन्यांत त्यांनी दीडशे राक्षस शिवले असते. आणि त्याच संध्याकाळी मला पेठेतली बातमी द्यावी लागली. काकींचा मुलगा त्यांना पुण्याला नेणार होता. गुढीपाडव्यानंतर एक वर्ष माल संपवायचा आणि मग दुकान कायमचं बंद. मावशींनी विचारलं, "म्हंजे सिनेमाच्या आधी का नंतर?" मी हिशेब केला. सिनेमा आधी, दुकान बंद व्हायचं त्याच्या दोन महिने मागून. त्यांनी मान हलवली.

मग सुरू झाले मावशींचे स्वतःचे दुसरे भाग. माप द्यायला आलेल्या मुलींना सालीच्या पोरीचं पुढं काय झालं ते त्या सांगत, आणि दर वेळी वेगळं. मयूरी ते एका वहीत लिहून ठेवायची. मी वही मागून घेऊन तपासली. एकूण तेवीस. एकाही भागात पोरीची साल जात नव्हती. एकात तिच्या सालीत पोपट घर करतात, एकात ती थंडीत सगळ्या गावाला ऊब देते. काचेच्या पंखांची मैत्रीण पहिल्या दहांत परत येतच नव्हती. अकराव्या भागात ती पहिल्यांदा आली, पण दुरूनच बघून गेली. सतराव्यानंतर ती दर वेळी येत होती, फक्त तिनं काय बोलायचं हे मावशींचं ठरत नव्हतं. तिथं आल्या की त्या तोंडात टाचणी धरायच्या आणि मुलींना घरी जा म्हणायच्या.

मधे संवत्सरी आली. त्या वर्षी मावशी लेण्याद्रीला गेल्या नाहीत. दार उघडं ठेवून मशीन चालवत बसल्या. काकी आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, हात जोडून ते शब्द म्हणाल्या. मशीन थांबलं नाही. काकी थोडा वेळ थांबून गेल्या. मी खाली आलो तर मावशींच्या पायाखाली मशीन नुसतंच फिरत होतं, सुईखाली कापड नव्हतं.

"भाऊ, हे ती साऱ्या पेठंला म्हणती," त्या म्हणाल्या. "दूधवाल्यालाबी म्हणती. माझ्या वाट्याचं येगळं पायजे."

जानेवारीत सिनेमा लागला. मी दुकानात लेसचा कागद द्यायला गेलो तेव्हा काकींना सगळा पेठभर झालेला सालीच्या पोरीचा विषय ठाऊक होता. रिकाम्या होत चाललेल्या फळ्यांसमोर बसून त्या म्हणाल्या, "भाऊ, माझंही एक तिकीट काढा. तिला सांगू नका." मला लपवाछपवी जमत नाही. मी घरी येऊन मावशींना सांगून टाकलं. मावशी बराच वेळ कात्री पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "येऊ दे. थेटर काय माझ्या एकटीचं न्हाई. पण मधी तुमी बसा."

काकी सूर्यास्तानंतर काही खात नाहीत म्हणून दुपारी साडेबाराचा खेळ घेतला. काकींचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना वाटेकडची खुर्ची दिली. त्यांच्याशेजारी मी, मग मावशी, मग मयूरी. जुन्नर ते नारायणगाव गाडीत कुणी बोललं नाही. फक्त मावशींनी एकदा खिडकीबाहेर बघत सांगितलं, "एक आधीच सांगते. त्यांनी पोरीची साल काढली तर मी उठून येणार." हे कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. मी बरं म्हणालो.

सिनेमा चांगला होता. मध्यंतरात काकींनी घरून आणलेलं उकळलेलं पाणी प्यायलं आणि शेंगदाण्यांची पुडी माझ्या हातात दिली. मी ती मावशींकडे सरकवली. मावशींनी चार दाणे घेतले. मध्यंतरानंतर चाळीस मिनिटांनी ते झालं. मैत्रीण परत येते, तिच्या पंखांची काच वितळवून एक औषध करते आणि मोठ्या गाण्यात सालीच्या पोरीची साल गळून पडते. आत गोरीपान, तुळतुळीत मुलगी. थेटरात टाळ्या वाजल्या.

मावशी उठल्या. माझ्या गुडघ्यांना ओलांडून पुढं झाल्या. काकींनी पाय आत घेतले, त्यांनाही ओलांडून वाटेवर आल्या आणि दाराकडं चालू लागल्या. अंधारात त्यांचा पदर तेवढा दिसत होता. मी उठावं की नाही या विचारात होतो. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. काकी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उठत होत्या. एका झटक्यात त्यांना उठता येत नसे. अर्ध्यावर थांबल्या, कण्हल्या. मी म्हणालो, काकी, अजून सिनेमा आहे. त्या म्हणाल्या, "असू दे." आणि त्या अनवाणीच गेल्या. चपला खुर्चीखाली राहिल्या होत्या.

मी आणि मयूरी शेवटपर्यंत बसलो. सुरू केलेली गोष्ट मी अर्ध्यावर सोडत नाही, आणि आता असं वाटतं की त्या दोघींना मधल्या माणसाची गरज उरली नव्हती हे मला तेवढ्यातच कळलं असावं. आणखी बावीस मिनिटं सिनेमा होता. त्या बावीस मिनिटांत ती गोरी मुलगी स्वतःला ओळखू शकत नाही, तिच्या गळ्यातून सूर उमटत नाही, आणि ती आपण होऊन तळ्याच्या काठावर जाऊन आपली साल एक एक तुकडा वेचून परत अंगावर घेते. शेवटचं गाणं ती सालीतूनच गाते. मयूरीनं माझा दंड घट्ट धरला. मावशींच्या मनासारखंच झालं होतं आणि मावशी बाहेर.

मी चपला हातात घेऊन धावत बाहेर आलो. दोघी थेटरच्या बाजूच्या पायरीवर बसल्या होत्या, उभ्या केलेल्या मोटरसायकलींच्या मागं, जेमतेम दोघींपुरत्या सावलीत. अंधारात पायरी उतरताना काकींच्या साडीचा फॉल उसवला होता. मावशींनी तो मांडीवर घेतला होता आणि पदराची सुई काढून टाके घालत होत्या. काकींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. त्या सांगत होत्या, "मी त्या दिवशी उठायला पायजे व्हतं, मला तवा..."

"हलू नको," मावशी म्हणाल्या. "सुई लागंल."

मी तिथंच थांबलो. टाके संपले, मावशींनी दोरा दातानं तोडला. मी त्यांना म्हणालो, मावशी, शेवटी काय झालं माहितीये का, त्या पोरीनं... त्यांनी हात वर केला. "न्हाई सांगायचं भाऊ. माझा दुसरा भाग माझ्यापाशी हाय." परतीच्या वाटेवर दोघी मागं बसल्या. शिंकेची गोष्ट निघाली. ती मी पहिल्यांदाच दोघींच्या तोंडून एकत्र ऐकली आणि तपशिलात अजिबात मेळ नव्हता. कुणाला शिंक आली यावरच जुन्नर येईपर्यंत वाद चालला.

दुकान ठरल्याप्रमाणे बंद झालं. काकी मात्र पुण्याला गेल्या नाहीत. मुलगा दोनदा गाडी घेऊन आला. दोन्ही वेळा त्यांनी त्याला जेवू घालून परत पाठवलं. दुपारी तीन ते पाच त्या आमच्या ओट्यावरच्या खोलीत असायच्या, मावशी शिवायच्या आणि काकी टिकल्या लावायच्या. असे नऊ महिने. मग मावशींना ताप आला, सहाव्या दिवशी त्या दवाखान्यातच वारल्या. शेवटच्या संमेलनाचे ढग अर्धे शिवलेले राहिले. ते काकींनी पुरे केले, खिशासकट, थोडे वाकडे.

दहाव्यानंतर काकी खोली आवरायला आल्या होत्या. मीही मदतीला होतो. मशीनवर कापड टाकून झाल्यावर त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, त्या दिवशी आम्ही उठून आल्यावर पुढं काय झालं सिनेमात?"

मला खोटं जमत नाही. सगळं सांगितलं. पोरीनं साल परत घेतली, सालीतूनच गायली, मावशींना हवा तसाच शेवट होता. आणि एवढे महिने मनात असलेलंही बोलून टाकलं, की मी तेव्हाच मावशींचा हात धरून बसवायला हवं होतं, फक्त बावीस मिनिटांचा प्रश्न होता.

काकींनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"बरं झालं न्हाई बसवलं," त्या म्हणाल्या. "ती बसली असती तर मला उठायला कुठं मिळालं असतं?"